ओट्यावरचा आवाज

९ फेब्रुवारी

ताईस तुझ्या भोंग्याचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. निम्मं पत्र माझ्या मिशीवर आहे. मागच्या खेपेला घरी आलो तेव्हा माझं एक अक्षर तुला कळलं नाही, ओठ दिसत नाहीत, मिशी उतरव, हे तू आता तिसऱ्यांदा लिहिलंस. ताई, कान गेले तुझे, गिरणीच्या विणाई खात्यात माग चालवून, आणि शिक्षा माझ्या मिशीला? मासळीबाजारात मला नावानं कुणी ओळखत नाही, मिशीवाला लिलाववाला म्हणतात. मिशी जायची नाही. विषय संपला.

आता खरं सांगायचं ते. फोनवर सांगितलं असतं तर तुला ऐकू आलं नसतं, आणि सूनबाईकडून निरोप द्यावा असं ते नाही.

दीड वर्ष झालं, माझा आवाज बसलेला आहे. बाजारात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, उलट कौतुकच झालं. आमच्यात समज असा की कोवळ्या गळ्याचा माणूस लिलावाच्या ओट्यावर टिकत नाही. गळा घोगरा झाला की तो पक्का. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, आता कुठे तुझा आवाज पिकला. मीही छाती काढून फिरलो. मग गिळताना कानात कळ यायला लागली म्हणून दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. गळ्यात आवाजाचे दोन पडदे असतात म्हणे. त्यातल्या एकावर पांढरा, खरखरीत डाग होता. भूल देऊन त्याचा तुकडा काढला, तपासला. कॅन्सर आहे.

घाबरू नकोस, मी तुझ्या वाट्याचं घाबरून घेतलंय. बाई म्हणाल्या, अगदी सुरुवातीचा आहे, कानातल्या कळेचा याच्याशी संबंधसुद्धा नसेल, त्या कळेचे उपकार माना. तोंडातूनच लेझर घालून डाग काढायचा. बाहेरून चिरा नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. बहुतेक माणसं एवढ्यावर बरी होतात. पण डागाबरोबर पडद्याचा थोडा भागही जाणार. आवाज कसा राहील ते आधी सांगता येत नाही.

मी बत्तीस वर्षं या आवाजावर जेवलो. तो गेला तर ओट्यावर उभं राहून मी काय करू? तू सांगशील तसं करीन.

तुझा भोंग्या


१५ फेब्रुवारी

भोंग्यास आशीर्वाद, आणि एक कानाखाली.

मी सांगेन तसं करणार म्हणतोस, तर हे घे. ताबडतोब जा. पत्र खाली ठेव आणि जा.

तुला भोंग्या नाव मीच ठेवलं. पाळण्यात रडायला लागलास की गिरणीचा भोंगा झाला समजून शेजारचे डबा घेऊन निघायचे. तेव्हा तुझ्या आवाजाची किंमत मला सांगू नकोस. पण मला आवाज ऐकू येत नाही, मला माणूस दिसतो. तो जागेवर पाहिजे. आवाजाचं पुढचं पुढे.

तुझं पत्र सुनेला वाचायला दिलं. घरात येऊन तिला वर्षही झालं नाही, पण पोर शहाणी आहे. तिनं कुणाकुणाला विचारून मला समोर बसवून, ओठ सावकाश हलवून सगळं समजावलं. लवकर सापडला हे नशीब आहे म्हणते. नशीब दारात आलं असताना तू मिशीला पीळ देत बसू नकोस.

आणि सिगारेट सोड. सोडली असं लिहू नकोस, सोड.

ताई


६ मार्च

ताईस नमस्कार.

झालं. एक रात्र दवाखान्यात काढली. तोंडातून लोखंडी नळी घालतात, तिच्या दाबानं पुढचा एक दात हलला आणि जीभ दोन दिवस बधिर होती. गळा भाजल्यासारखा दुखतो. बाकी काही नाही. मला वाटलं होतं लेझर म्हणजे काहीतरी दिसेल, उजेड-बिजेड. मी झोपलेलो, मला काय दिसणार.

डाग कडेसकट निघाला, कडा स्वच्छ आल्या, असं बाई म्हणाल्या. एक आठवडा अजिबात बोलायचं नव्हतं. कुजबुजायचंही नाही, त्यानं म्हणे जास्त ताण पडतो. पाटी-पेन्सिल घेऊन घरात बसलो. शेजारी मोठमोठ्यानं बोलायचे माझ्याशी, जणू मी बहिरा झालो. तुझं दुःख थोडं कळलं.

काल पहिल्यांदा तोंड उघडलं. ताई, आवाज नाही, वारा आला. फाटक्या पंपातून यावा तसा. बाई म्हणतात धीर धरा, महिन्या-दोन महिन्यांत बराच सुधारेल. आणि पहिलं वर्षभर दर महिन्या-दीड महिन्यानं येऊन नळीनं तपासून घ्यायचं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि पाटीवर माझ्याकडून लिहून घेतलं. मास्तरीण व्हायची ती डॉक्टरीण झाली.

जीव वाचला म्हणतात सगळे. मलाही बरं वाटतंय. पण बाजारावरून जाताना माझ्या जागी उभ्या मालकाच्या मेहुण्याचा पुकारा ऐकू आला आणि मी रस्ता बदलला.

तुझा


१४ मार्च

भोंग्यास आशीर्वाद.

तुझं पत्र सुनेच्या हातातून ओढून घेतलं आणि आधी शेवट वाचला. मग जीव भांड्यात पडला.

वारा येतो म्हणून रडतोस? आमच्या खात्यात माग सुरू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. तरी आम्ही दिवसभर बोलायचो. सासू, नवरा, भाव, भानगडी, सगळं ओठांवर. एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला पोराचं लग्न जमल्याचं सांगायची आणि मधल्या चाळीस जणींना ते कळायचं. मुकादमाची चेष्टा त्याच्या समोर चालायची, तो बिचारा मागांकडे बघत उभा. बोलायला आवाज लागतो हे मला पटत नाही.

इकडे ये महिनाभर. तुला ओठांवर बोलायला शिकवते. मीच आले असते, पण सुनेला दिवस गेलेत आणि मुलगा कामासाठी दूर. तिला एकटी टाकवत नाही.

मिशीचं मात्र बघ. शिकवायचं म्हटलं तरी आधी शाळेचं दार उघडायला हवं.

ताई


२० मे

ताईस नमस्कार.

तुझी तीन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. लिहावंसं वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये ओट्यावर उभा राहिलो. समोर होड्यांवरची माणसं, टोपल्या, बर्फाच्या गाड्या, नेहमीचा कालवा. मी पहिली बोली पुकारली आणि कुणी मान वर केली नाही. पुन्हा पुकारली. पुढच्या रांगेतली एक कोळीण म्हणाली, 'जरा मोठ्यानं की हो.' ती मला वीस वर्षं ओळखते. तिला वाईट बोलायचं नव्हतं. मागचे हसले. मालकांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली उतरवलं आणि मेहुण्याला वर चढवलं.

आता मी बर्फावर आहे. फोडायचा, मोजून द्यायचा. काम वाईट नाही, पण तिथून ओटा समोर दिसतो. मेहुणा बोली चुकवतो, वरच्या आकड्यावर घाई करतो. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात, असं आई म्हणायची. मी पडून आहे.

तपासण्या केल्या. दोन्ही वेळेला स्वच्छ. बाई खूश, मी नाही. त्या म्हणाल्या, आजार गेला हे कमी आहे का? त्यांना काय सांगू? आजार होता तेव्हा मी ओट्यावर होतो. आजार गेला आणि मी बर्फावर आलो.

तुझा


२८ मे

भोंग्यास.

पुन्हा असलं लिहू नकोस. आजार होता तेव्हा बरं होतं, हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला अंगावर काटा आला.

माझे कान गेले तेव्हा मलाही वाटलं होतं की सगळं संपलं. एक दिवस चहाचं आधण उकळून उकळून आटलं आणि मला कळलंच नाही, तेव्हा मी भिंतीला डोकं लावून रडले. मग उठले आणि आधणाकडे बघत उभं राहायला शिकले. यापेक्षा जास्त शहाणपण माझ्याकडे नाही.

बर्फ फोड. पगार घे. तपासणी चुकवू नकोस. वाईट वाटतंय ते वाटू दे, त्यानं कुणी मरत नाही.

ताई


१८ सप्टेंबर

ताईस तुझ्या भोंग्याचा सणसणीत नमस्कार.

बस, म्हणजे पडायची नाहीस. आवाज परत आला.

ऑगस्टपासूनच फरक वाटत होता. तो फुसका वारा कमी झाला, खाली जडपणा यायला लागला. मी कुणाला बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. मागच्या आठवड्यात बर्फाच्या गाडीवाल्यावर ओरडलो तर पूर्ण बाजार वळून बघायला लागला. तोच आवाज, घोगरा, भरलेला. मेहुणा ओट्यावरून खाली बघत राहिला. मालक आले, म्हणाले, पुकार बघू. मी पुकारलं. कोळणींनी टाळ्या वाजवल्या ताई, खोटं नाही सांगत. त्याच दिवशी मेहुणा बर्फावर गेला आणि मी ओट्यावर.

मी फोन केला होता, सूनबाईला विचार. तिनं ऐकलाय आवाज.

तपासणीचं विचारशील. जून-जुलैत मन नव्हतं, गेलो नाही. आता मन आहे तर हंगामाचा भर आहे, पहाटेपासून होड्या लागतात. आणि खरं सांगू? तपासणार काय आता? आवाज नव्हता तेव्हा शंका होती. आता आवाजच सांगतोय की सगळं ठीक आहे. हंगाम उतरला की जाऊन बाईंना ऐकवून येतो. त्याही चकित होतील.

तुझा भोंग्या (आता खराखुरा)


२५ सप्टेंबर

भोंग्यास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी अख्ख्या चाळीत फिरले. ज्यांना तू माहीत नाहीस त्यांनाही सांगितलं. मला ऐकू येत नाही तरी आज कान भरल्यासारखे वाटतात.

तपासणीला जायला हवं होतंस, तो राग वेगळा ठेवते. आज रागवायचा दिवस नाही. सुनेचे दिवस भरत आलेत, पोटातलं लाथा मारतंय. मी म्हटलं, मामाआजोबांवर गेलं वाटतं, याचाही भोंगा होणार.

ताई


२ ऑक्टोबर

भोंग्या,

हे पत्र मिळेल त्या क्षणी ओट्यावरून उतर आणि डॉक्टरीणबाईंकडे जा. हंगाम गेला उडत.

कारण सांगते. काल कपडे वाळत घालताना सुनेला सहज विचारलं, मामांचा आवाज कसा वाटला फोनवर? ती आनंदानं म्हणाली, 'अगदी पूर्वीसारखा आई. लग्नात ऐकला होता ना, डिट्टो तसा.' मी पण हसले. चिमटा लावायला हात वर केला आणि तिथेच थांबले.

तिचं लग्न गेल्या वर्षी झालं. तेव्हा तुझा आवाज आधीच बसलेला होता. तिनं तुझा निरोगी आवाज कधी ऐकलेलाच नाही रे. तिला माहीत असलेला आवाज आजाराचा आहे. आणि ती म्हणते, तोच परत आलाय.

तुझ्या बाजारात घोगरा गळा म्हणजे पक्का गळा. त्यांनी पहिल्यांदा कौतुक केलं तेव्हाही आत डाग होता. आता टाळ्या वाजवल्या. मी बहिरी, मला कसलं कळणार, मी तुझ्या लिहिण्यावर नाचले. पण तू तरी. ज्या आवाजात डाग निघाला तोच परत आल्यावर तू खूश कसा झालास?

माझं चुकत असेल तर मला वेडी म्हण. मला वेडी ठरायचंय. फक्त जाऊन ये.

ताई


३० ऑक्टोबर

भोंग्या, उत्तर नाही. सूनबाईनं तीनदा फोन केला, तू कामात आहे म्हणून ठेवलास. चौथ्यांदा तू तिच्यावर ओरडलास. ती रडली नाही, पण मला तिच्या तोंडावरून कळलं. बाळंतपण झालं, मुलगी आहे, दोघी ठीक. तुला कळवायला दुसरा रस्ता नाही म्हणून लिहिते.

गेला होतास का? हो किंवा नाही, एवढं लिही.


२१ नोव्हेंबर

ताईस.

नाही. गेलो नव्हतो. तुझं पत्र वाचलं, चिडलो आणि कपाटावर टाकलं. बर्फावर असताना सगळ्यांना माझी दया येत होती, ओट्यावर चढल्यावर बहिणीला पोटशूळ उठला, इतपत घाणेरडं मनात आलं. लिहून टाकतो, नाहीतर तोंड दाखवता यायचं नाही. सूनबाईवर ओरडलो त्याचीही लाज वाटते. ओरडायला तेवढा आवाज होता.

दहा तारखेला भर लिलावात श्वास अडकला. बोली पुकारायला हवा घेतली तर ती आत जाईना, शिट्टीसारखा आवाज यायला लागला. लोकांना वाटलं खोकला. मेहुण्यानं मला उचलून दवाखान्यात नेलं. ज्याची जागा मी परत घेतली, त्यानं.

बाईंनी नळी घालून दोनदा पाहिलं. मग एवढंच विचारलं, 'आवाज परत घोगरा झाला तेव्हा का आला नाहीत?' मी म्हटलं, मला वाटलं बरा झालो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझा हात धरला.

त्या जागी पुन्हा उगवलंय आणि वाढलंय. तो पडदा आता हलतच नाही. त्या गाठीनंच फट भरून काढली होती, म्हणून वारा थांबला होता आणि आवाज भरल्यासारखा लागत होता. ऑगस्टमध्ये आलो असतो तर पुन्हा लेझर किंवा किरणं देऊन भागलं असतं. आता स्वरयंत्र सगळंच काढायचं. मानेला खाली भोक राहील, श्वास तिथून. नाका-तोंडातून वारा जाणार नाही. बोलणं बंद. कायमचं. एवढं करूनही खात्री देत नाहीत.

बाजारानं टाळ्या वाजवल्या त्या त्या गाठीला, ताई. मी वाकून नमस्कार केला होता.

पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. येऊ नकोस. बाळंतीण सोडून येऊ नकोस. तू खरी ठरलीस.

भोंग्या


२८ नोव्हेंबर

भोंग्यास.

आज शुक्रवार. हे लिहिते तेव्हा तू टेबलावर असशील. तू शुद्धीवर आल्यावर हे तुला मिळेल, तोवर मी वाट काढत तिथे पोचायच्या बेतात असेन. मुलगा रजा घेऊन घरी आलाय, बाळ-बाळंतिणीचं तो बघेल. येऊ नकोस म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, असं समज. बहिरेपणाचा तेवढा तरी उपयोग.

काल दुपारी फोन वाजला. सुनेनं घेतला, ऐकलं आणि तिचं तोंड पडलं. तिनं ओठ हलवून सांगितलं, मामा आहेत, तुम्हालाच द्या म्हणतात. मला कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. तरी तू मलाच मागितलंस.

मी फोन कानाला लावला. काही ऐकू आलं नाही रे. थोडं कानाशी गरम लागलं, तेवढंच. तुझं चालू आहे की संपलं तेही कळेना, म्हणून मी हलले नाही. पोळ्यांचा तवा जळायला लागला, सुनेनं येऊन बंद केला. मग तिनं खुणेनं विचारलं, मी ऐकून सांगू का? मी नाही म्हटलं. ते मला सांगत होतास, तिला कसं ऐकू देऊ? शेवटी तिनं पडद्यावर बघून सांगितलं, ठेवला मामांनी. तरी मी आणखी थोडा वेळ तसाच धरून बसले.

बत्तीस वर्षं परक्या माणसांनी तुझा आवाज ऐकला आणि त्याचा शेवट तू बहिऱ्या बहिणीला दिलास. मला त्यातलं अक्षरही मिळालं नाही. याचं वाईट वाटून मी रात्रभर रडले, आणि ते तुला कळावं म्हणून लिहिते.

तू जे बोललास ते मला पुन्हा सांगावं लागेल. घाईनं नाही. खिडकीकडे तोंड करून, उजेडात, सावकाश. माझी कुणावर सक्ती नाही. पण आवाजाशिवाय बोललेलं समजून घेणारी बाई तुला माझ्याहून चांगली मिळायची नाही, एवढं लक्षात ठेव.

ताई


४ डिसेंबर

ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाड्या बंद पडल्यानं तू मध्येच अडकलीस हे सूनबाईनं मालकाच्या मेहुण्याला फोनवर कळवलं, त्यानं मला सांगितलं. तो रोज येतो. हे पत्र तू थांबलीस त्या घरच्या पत्त्यावर तोच टपालानं पाठवील.

जिवंत आहे. मानेतून श्वास घेतो. तिथे फडकं बांधलंय, खोकला आला की ते उडतं. नाकातून वारा जात नाही, म्हणून वास येत नाही. मेहुणा बाजारातून सरळ येऊन शेजारी बसतो आणि मला मासळीचा वास येत नाही, हे बोलणं गेल्यापेक्षा जास्त लागलं. पुढे काय होईल ते बाई सांगत नाहीत, मीही पाटीवर विचारत नाही.

फोनवर काय बोललो ते इथे लिहिणार नाही. लिहून भागलं असतं तर फोन कशाला केला असता.

माझा पलंग खिडकीशी आहे. सकाळी दहापर्यंत उजेड तोंडावर येतो, तेव्हा ये. आज वॉर्डात दाढी करणारा आला होता. त्यानं दाढी केल्यावर मी वरच्या ओठावर बोट फिरवून दाखवलं. त्याला खरं वाटेना, त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा मान हलवली.

मिशी काढली.